ओपीडीतला थेरपिस्ट नेमकं करतो काय?

डिसेंबर २०२३मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बजावलं की एम.फिल. ही आता मान्य पदवी नाही, विद्यापीठांनी तिचे प्रवेश थांबवावेत. महिनाभरातच, जानेवारी २०२४मध्ये, त्याच आयोगाने दोन विषयांना २०२५-२६पर्यंत मुदतवाढ दिली : क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क. बातमी छोटी होती आणि बहुतेकांनी ती वाचून सोडून दिली. पण एवढ्या विषयांतून हेच दोन का वाचले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ या कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं याची व्याख्या दिलेली आहे, आणि त्या व्याख्येत याच दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.चा उल्लेख आहे. अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली रुग्ण पाहत शिकण्याची अट त्यात आहे. पदवी एका रात्रीत बंद केली असती, तर आधीच अपुरी असलेली माणसं तयार होणंच थांबलं असतं.

ही माणसं दवाखान्यात बसून करतात काय, हे मात्र त्यांच्याकडे पाठवलेल्या रुग्णालाही बहुधा माहीत नसतं. केस पेपरवर डॉक्टर लिहितात, ‘सायकॉलॉजिस्टला दाखवा’. रुग्णाला वाटतं, आपल्याला वेडात काढलं, किंवा आता कोणीतरी उपदेश करणार. मी अशाच ओपीडीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. ओपीडी म्हणजे रुग्ण दाखल होत नाही. येतो, बोलतो आणि घरी जातो. मानसिक त्रास असलेल्या बहुतेकांचे उपचार असेच होतात आणि तसेच व्हायला हवेत. हे काम कसं चालतं ते सांगायचं आहे, कारण ते माहीत असलेला रुग्ण लवकर सुधारतो असा माझा अनुभव आहे.

पाटीवर काय लिहिलंय ते नीट वाचा

मराठीत ‘मानसोपचारतज्ज्ञ’ या एका पाटीखाली आपण सगळ्यांना बसवतो. प्रत्यक्षात तिथे वेगवेगळी माणसं असतात. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर असतात. गोळ्या तेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहीत नाही. तो मानसशास्त्रीय चाचण्या घेतो, निदानाला मदत करतो आणि थेरपी, म्हणजे बोलण्यातून आणि सरावातून होणारे उपचार, देतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते आणि त्याला नोंदणी क्रमांक मिळतो. सायकियाट्रिक सोशल वर्कर घर, नोकरी, शाळा, सरकारी योजना ही बाजू सांभाळतो. समुपदेशक, म्हणजे कौन्सेलर, बहुधा मानसशास्त्रात एम.ए. केलेला असतो, नात्यातले ताण, करिअर, दुःख अशा प्रश्नांत त्याची मोठी मदत होते.

गोम अशी की ‘थेरपिस्ट’ किंवा ‘कौन्सेलर’ ही पाटी लावायला आज प्रत्यक्षात फारशी आडकाठी नाही. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात समुपदेशकांनाही नोंदणीच्या कक्षेत आणलं आहे. पण त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने चालू आहे. तोवर शहानिशा करण्याचं ओझं रुग्णावर पडतं. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणं जड जातंय, त्याने समोरच्याची प्रमाणपत्रं तपासायची, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तरीही आज ती करावी लागते. घरातल्या कोणी तरी हे काम अंगावर घ्यावं. शिक्षण काय, नोंदणी आहे का, कोणत्या पद्धतीने काम करता, हे विचारल्यावर नीट शिकलेला माणूस रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

पहिल्या भेटींत उपाय का सांगत नाहीत?

पहिल्या भेटीनंतर कित्येक जण हिरमुसून जातात. ‘तासभर विचारत बसले, सांगितलं काहीच नाही.’

पहिल्या दोन-तीन भेटी या मांडणीसाठी असतात. त्रास कधी सुरू झाला, त्याआधी काय घडलं होतं, झोप-भूक-वजन कसं आहे, घरात आणखी कोणाला असं काही होतं का, दारू-तंबाखू किती, थायरॉइड आणि बी-१२ तपासलं का. हा शेवटचा प्रश्न लोकांना चमत्कारिक वाटतो. पण थायरॉइड मंदावला की माणूस थकतो, सुस्तावतो, उदास होतो. बी-१२ कमी असलं तरी तसंच होऊ शकतं. शरीरातलं कारण नजरेतून सुटलं, तर महिनोन्‌महिने चुकीच्या दिशेने बोलणं होतं.

त्याबरोबर एक छोटी प्रश्नावली भरून घेतली जाते. नैराश्यासाठी जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ नऊच प्रश्नांची आहे : गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता, स्वतःबद्दलचं मत यांत किती दिवस त्रास झाला. गुण ० ते २७. दर काही आठवड्यांनी तीच पुन्हा भरायची. ‘बरं वाटतंय का?’ या प्रश्नाला आपल्याकडे माणूस भिडेपोटी ‘हो’ म्हणतो. कागदावरचा आकडा तेवढी भीड धरत नाही. आकडा हलत नसेल तर थेरपिस्टने पद्धत बदलायची असते, रुग्णाला दोष द्यायचा नसतो.

या सगळ्यातून एक चित्र तयार होतं : हा त्रास कशामुळे सुरू झाला आणि आज तो कशामुळे टिकून आहे. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कामाचा. सुरुवात कदाचित दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या घटनेत असेल, ती आता बदलता येत नाही. टिकवून धरणाऱ्या गोष्टी मात्र आजच्या आज चालू असतात, म्हणून त्यांना हात घालता येतो.

छातीत धडधडतं, पण रिपोर्ट नॉर्मल

असा माणूस आमच्याकडे हमखास येतो, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. तिशीतला तरुण, हिंजवडीत नोकरी. एकदा बसमध्ये छाती धडधडली, हातपाय गार पडले, श्वास कोंडला, आता जातो असं वाटलं. ईसीजी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट सगळं झालं. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून घरी पाठवलं. त्यानंतर त्याने बस सोडली. मग लिफ्ट, मग थिएटर. आता तो एकटा कुठेच जात नाही, खिशात सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी, बाळगतो.

याला पॅनिक म्हणतात. ‘काही नाही’ हे सर्वस्वी चुकीचं उत्तर आहे, कारण धडधड खरीच होती. शरीरात भीतीची घंटा वाजली. ती का वाजली ते समजलं नाही, म्हणून त्याने त्याचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावला. त्या अर्थाने आणखी भीती, भीतीने आणखी धडधड. बस टाळल्यावर तात्पुरतं हायसं वाटतं, पण मनात पक्कं बसतं की ‘टाळलं म्हणून वाचलो’. त्रास टिकवून धरणारा धागा तो टाळण्याचा आहे.

उपचारात आम्ही त्याला दवाखान्यातच जिने चढायला लावतो, खुर्चीत गरगर फिरवतो, मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला सांगतो, अर्थात हृदयाची आणि बाकीची तपासणी डॉक्टरांनी केलेली असेल तरच. धडधड मुद्दाम आणायची, तिच्यात थांबायचं आणि ती आपोआप उतरते हे अंगाने अनुभवायचं. नंतर बसमध्ये एक थांबा, मग दोन. बाहेरून पाहणाऱ्याला हा छळ वाटेल. म्हणूनच आधी मांडणी लागते : का करतोय हे त्याला पटलेलं नसेल, तर तो दुसऱ्या भेटीला येणार नाही आणि त्याचं बरोबरच असेल.

आठवड्याचे १६८ तास

आठवड्यात १६८ तास असतात. थेरपिस्टसमोर त्यांतला जेमतेम एक जातो. दाखल रुग्णाभोवती परिचारिका असते, जेवणखाण, गोळ्या, झोप यांवर नजर असते. ओपीडीच्या रुग्णाभोवती त्याचं नेहमीचं घर असतं. तीच सासू, तोच साहेब, तोच मोबाइल. म्हणून या खोलीतल्या उपचारांची कसोटी खोलीबाहेर लागते. प्रत्येक सत्राच्या शेवटी ‘पुढच्या भेटीपर्यंत काय करायचं’ हे ठरतं आणि पुढचं सत्र तिथूनच सुरू होतं. हा गृहपाठ कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणाऱ्या पद्धतीचा, गाभा आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात तिचा पाया घातला. त्याच्या थोडं आधी, १९५०च्या दशकात, अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारांची उपचारपद्धती आकाराला आली, जिची आपल्याकडे मुंबई-पुण्यात चांगली परंपरा आहे.

नैराश्यातला गृहपाठ ऐकायला फार साधा असतो : सकाळी सातला उठून अंगणात दहा मिनिटं बसायचं, मंगळवारी बहिणीला फोन करायचा. लोक विचारतात, मूडच नाही तर करणार कसं? विहिरीवरच्या मोटारीचा पाइप रिकामा झाला की नुसतं बटण दाबत राहून पाणी येत नाही. आधी वरून पाइपात पाणी भरावं लागतं, मग ती उचलते. नैराश्यात उत्साह आधी आणि काम नंतर हा क्रम चालत नाही. काम आधी, थोडं, ठरल्या वेळी. उत्साह मागून येतो. कोणतं काम हे वाटेल तसं ठरवायचं नसतं. पूर्वी या माणसाला कशात समाधान होतं आणि कशात ‘जमलं’ असं वाटायचं, ते शोधून निवडायचं असतं. शेतकऱ्याला ‘छंद जोपासा’ सांगून उपयोग नाही. त्याला बांधावर फेरी मारायला सांगावं लागतं.

गृहपाठ झाला नाही तर? बहुतेक वेळा सुरुवातीला होतच नाही. मग का झाला नाही, हेच त्या दिवशीचं काम. काम फार मोठं दिलं होतं का, घरात कोणी हसलं का, की ‘माझ्याने काहीच होणार नाही’ हा विचार आड आला? न झालेल्या गृहपाठातून रुग्णाबद्दल जेवढं कळतं, तेवढं झालेल्यातून कळत नाही.

मंत्रचळ आणि घरचे

या सगळ्यात घराचं महत्त्व किती, ते मंत्रचळात, म्हणजे ओसीडीत, सर्वांत स्पष्ट दिसतं. एखादी बाई दिवसात तासन्‌तास हात धुते. तिला माहीत असतं की हे अति होतंय. तरी ‘घाण राहिली, त्यातून मुलाला काही झालं तर’ हा विचार सोडत नाही. हात धुतले की घटकाभर शांतता. पण पॅनिकसारखंच इथेही, त्या शांततेनेच पुढच्या वेळची ओढ पक्की होते.

उपचार असा : भीतीच्या वस्तूला हात लावायचा आणि धुवायचं नाही. सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या तिनेच लिहायच्या. आधी दाराची कडी, मग चप्पल, मग कचऱ्याचा डबा. चिंता चढते, थांबते, उतरते. मंत्रचळावरच्या बोलण्याच्या उपचारांत या पद्धतीला सर्वांत भक्कम पुरावा आहे.

आता घराकडे बघा. नवरा बाहेरून आला की दारातच कपडे बदलतो, कारण नाहीतर ती रडते. मुलगी भाजी तीनदा धुते. ‘गॅस बंद केला ना?’ असं तिने रात्रीत वीस वेळा विचारलं की वीस वेळा ‘हो’ म्हणतात. प्रेमापोटी चाललेलं असतं, भांडण नको म्हणूनही. पण त्या प्रत्येक ‘हो’ने आजाराला खतपाणी मिळतं. माझ्या मते मंत्रचळाच्या रुग्णाला घरच्यांशिवाय एकटं बोलावत राहणं म्हणजे निम्मे उपचार सोडून देणं. घरच्यांना बसवून एक करार करावा लागतो, रुग्णाच्या संमतीने : ‘गॅसबद्दल एकदाच उत्तर देऊ. दुसऱ्यांदा विचारलंस तर म्हणू, हा प्रश्न आजार विचारतोय, तू थांब, मी जवळ बसतो.’ हे म्हणताना आवाज कसा ठेवायचा, याचासुद्धा सराव खोलीत करून घ्यावा लागतो. रागाने म्हटलं तर तो टोमणा होतो, आणि मग त्या बाईच्या बाजूला कोणीच उरत नाही.

एकत्र कुटुंबात करार सगळ्यांशी करावा लागतो. नवऱ्याने पाळला आणि आजेसासूने ‘कशाला छळता पोरीला’ म्हणून दहा वेळा उत्तर दिलं, की आठवड्याचं काम वाया. अशा वेळी आजींना बोलावून समजावण्यात घालवलेला अर्धा तास मला कधी फुकट वाटला नाही. आजी एकदा बाजूने आल्या की घरात त्यांच्याइतका पक्का मदतनीस दुसरा नाही.

‘नुसतं बोलून काय होणार? मित्राशी बोलतोच की’

मित्राशी जरूर बोलावं. पण मित्र तुमच्या बाजूने असतो, म्हणून तो ‘जाऊ दे, बस नको, रिक्षाने जा’ असं सांगतो. ते मायेचं असतं आणि पॅनिकमध्ये नेमकं उलटं पडतं. शिवाय मित्राला तुमच्याकडून उद्या काहीतरी हवं असतं, तुम्हालाही त्याचं ऐकावं लागतं. थेरपिस्टच्या खोलीत तो एक तास पूर्ण तुमचा असतो आणि त्याला दिशा असते.

बोलण्याने इजाही होऊ शकते, हे मात्र आमच्या व्यवसायाने उघडपणे सांगायला हवं. अपघातातून किंवा पुरातून वाचलेल्या माणसाला लगेच बसवून एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याची पद्धत एके काळी सर्रास होती. अभ्यासांत दिसलं की त्याने पुढचा त्रास टळत नाही, उलट काहींचा वाढतो. म्हणून आता तशा वेळी आधी सुरक्षितता, अन्न, झोप, आपली माणसं. बोलणं त्याला हवं तेव्हा. बोलणं हे औषध असेल, तर त्याची मात्रा असते आणि दुष्परिणामही असतात.

मग गोळ्या घ्यायच्या की नाही?

सौम्य ते मध्यम नैराश्य आणि बहुतेक चिंताविकार थेरपीने सुधारू शकतात. तीव्र नैराश्यात गोळ्या आणि थेरपी दोन्ही मिळून एकट्या उपायापेक्षा सहसा अधिक चांगलं काम करतात. स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार) आणि बायपोलर (कधी अति उत्साह, कधी नैराश्य अशा दोन टोकांचा) आजारात गोळ्या हाच पाया. थेरपी त्यावरचं बांधकाम. ‘गोळ्या बंद करा, मी थेरपीने बरं करतो’ असं बायपोलरच्या रुग्णाला सांगणारा थेरपिस्ट धोकादायक आहे.

‘सवय लागते’ ही भीती अर्धी खरी आहे. झोपेच्या आणि तात्काळ शांत करणाऱ्या काही गोळ्या लांबत गेल्या तर खरोखर त्यांच्यावर अवलंबून राहायला होतं. नैराश्यविरोधी गोळ्यांची तशी तलफ लागत नाही. पण त्या एकदम तोडल्या तर चक्कर, बेचैनी होते, म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. पहिल्या पंधरवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करणारे फार असतात. मनोविकारतज्ज्ञाकडच्या गर्दीत जे समजावायला वेळ मिळाला नाही, ते समजावणं आमच्या कामात येतं.

बाहेर कळलं तर?

लग्नाचं स्थळ, नोकरी, भावकी. ही भीती काल्पनिक नाही. कायदा रुग्णाच्या बाजूने आहे : २०१७च्या कायद्याचं कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतं. प्रौढ रुग्णाच्या सासूने किंवा साहेबाने फोन करून ‘काय सांगितलं त्याने?’ विचारलं, तर थेरपिस्टने सांगायचं नसतं.

अपवाद आहेत आणि ते पहिल्याच भेटीत सांगायला हवेत. रुग्णाच्या जिवाला धोका असेल, तो दुसऱ्या कोणाला इजा करण्याची शक्यता असेल, न्यायालयाचा आदेश आला, तर आवश्यक तेवढी माहिती देता येते. आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायदा, २०१२नुसार ते कळवणं बंधनकारक आहे. तिथे थेरपिस्टला पर्याय नसतो.

आत्महत्येबद्दल थेट विचारणं

‘विचारलं तर डोक्यात नसलेलं येईल’ या समजुतीने घरचे, कधी कधी डॉक्टरही, हा प्रश्न टाळतात. अभ्यासांत असं आढळलेलं नाही. मी विचारते ते सरळ शब्दांत : ‘जगू नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का? कसा, ते ठरवलंय का?’ बहुतेक जण रडतात आणि मोकळे होतात. कोणीतरी पहिल्यांदाच विचारलेलं असतं.

उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं काम अगदी व्यवहारी असतं. कागदावर योजना लिहायची : विचार यायला लागला की कोणती खूण दिसते, तेव्हा स्वतः काय करायचं, कोणाला फोन करायचा, कोणत्या दवाखान्यात जायचं. आणि साधन दूर करायचं. शेतकरी घरात याचा अर्थ फवारणीचं औषध घरात ठेवायचं नाही. दूर, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. ती तीव्र लहर बरेचदा थोड्या वेळाची असते आणि त्या वेळेत हाताशी काय आहे यावर जीव अवलंबून असतो. धोका मोठा असेल तर ओपीडीचा हट्ट सोडून दाखल करावं लागतं.

‘पोलीस केस होईल’ म्हणून प्रयत्न लपवणारी कुटुंबं अजून भेटतात. २०१७च्या कायद्याचं कलम ११५ असं धरूनच चालतं की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, त्याला शिक्षा होऊ नये आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी. जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी वा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे.

थेरपी जिथे पुरत नाही

नवऱ्याच्या मारहाणीने झोप उडालेल्या बाईला श्वासाचे व्यायाम शिकवून परत त्याच घरी पाठवणं हा उपचार म्हणता येणार नाही. तिच्या मनात बिघाड नाही, घरात आहे. तिथे थेरपिस्टने २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण अधिकारी, निवारा, वकील यांच्याशी जोडून द्यायला हवं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने सुरू केलेलं ‘दिलासा’ केंद्र याच विचारातून उभं राहिलं : जखम दाखवायला आलेल्या बाईला रुग्णालयातच ऐकून घेणारं आणि मार्ग सांगणारं माणूस मिळावं. कर्ज, बेकारी, जातीचा अपमान यांवरही आमच्याकडे गोळी नाही आणि गृहपाठही नाही. थेरपी त्या माणसाला उभं राहायला मदत करते. परिस्थिती बदलायची जबाबदारी थेरपीवर टाकून बाकीच्यांनी हात झटकू नयेत.

एवढे थेरपिस्ट आणायचे कुठून?

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या काळात कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचं दिसलं. (त्या १२ राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा नव्हते.) वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. देशात लाखामागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्याहून कमी. पदवीच्या जागा वाढवून ही दरी आपल्या हयातीत भरणार नाही.

यावर एक उत्तर आपल्या शेजारी गोव्यात शोधलं गेलं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. सहा ते आठ भेटींचा साधा कार्यक्रम. त्याचा गाभा वर सांगितलेलाच, ठरवून थोडं थोडं काम सुरू करणं. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी हा कार्यक्रम मिळालेल्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर होते. फक्त नेहमीची, थोडी सुधारलेली वैद्यकीय सेवा मिळालेल्या गटात ते प्रमाण ३९ टक्के होतं.

मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हवेतच कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. पण त्या गावातल्या समुपदेशकांना शिकवलं कोणी, त्यांच्या सत्रांची ध्वनिमुद्रणं ऐकून दुरुस्त्या कोणी केल्या, अवघड रुग्ण पुढे कोणाकडे गेले? देखरेख काढून घेतली तर तोच कार्यक्रम काही महिन्यांत उपदेशावर येतो. दोन्ही लागतात. आशाताईंवर आणखी एक काम लादून आणि मानधन तेवढंच ठेवून हे होईल, असं मात्र कोणी समजू नये.

पैशांचं काय?

शहरातल्या खासगी सत्राला हजारापासून तीन हजारांपर्यंत पडू शकतात, आणि सत्रं आठ-दहा ते वीस लागतात. मानसिक आजाराचा विमा शारीरिक आजाराच्याच पायावर द्यावा असं २०१७च्या कायद्याचं कलम २१ सांगतं. तरी बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच्या खर्चाच्या असतात, त्यामुळे ओपीडीतली थेरपी खिशातूनच जाते. ज्या उपचारांनी माणूस दाखल होण्यापासून वाचतो, तेच विम्याच्या बाहेर. हे बदललं पाहिजे.

सरकारी दार उघडं आहे, गर्दी गृहीत धरून. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि त्यांना ओपीडी आहे. तिथे गेलं की दाखल करूनच घेतात हा गैरसमज आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत मनोविकार विभाग चालतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार निःशुल्क आहेत. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. गर्दीच्या ओपीडीत तासभर मिळणार नाही. म्हणून जाताना त्रास कधीपासून, कोणत्या गोळ्या चालू, झोप किती, आणि सगळ्यांत नकोशी गोष्ट कोणती, हे अर्ध्या पानावर लिहून न्या. मिळालेल्या दहा मिनिटांत ते पान फार उपयोगी पडतं.

कुठूनच सुरुवात सुचत नसेल तर टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत चालते. मराठीचा पर्याय निवडता येतो. ती १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. फोन उचलणारा प्रशिक्षित समुपदेशक असतो आणि गरज पडली तर तो तज्ज्ञाशी जोडून देतो. काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवायची गरज नाही. ‘मला काही दिवसांपासून बरं वाटत नाही’ एवढं म्हटलं की पुढचे प्रश्न त्यांनी विचारायचे असतात. स्वतःसाठी नसेल, घरातल्या कोणासाठी असेल, तरी फोन करता येतो.